विश्वचषक फुटबॉलचा अंतिम सामना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखळीतला सामना बरोबरीत सुटला तरी चालतो, पण अंतिम सामन्याचा विजेता त्याच दिवशी ठरावाच लागतो. या सामन्याविषयीचे बहुतेक प्रश्न आणि बहुतेक वाद याच एका सक्तीतून निर्माण होतात. पुढील उत्तरांत वेगळा उल्लेख नसेल तिथे पुरुषांची विश्वचषक स्पर्धा अभिप्रेत आहे आणि सर्व आकडे 2022 च्या स्पर्धेपर्यंतचे आहेत.

अंतिम सामन्यासाठी वेगळे नियम असतात का?

नाही. मैदान, खेळाडूंची संख्या, ऑफसाइड, फाउल, कार्डे आणि 45 मिनिटांची दोन सत्रे हे सारे स्पर्धेतील इतर कोणत्याही बाद फेरीच्या सामन्यासारखेच असते. नव्वद मिनिटांत पाच बदली खेळाडू उतरवता येतात आणि सामना जादा वेळेत गेला तर सहावा बदल करण्याची मुभा मिळते. ही तरतूद किरकोळ वाटते, पण 2022 मध्ये अर्जेंटिनाने सहाही बदल वापरले. सहावा बदल म्हणून पाउलो डिबाला अगदी शेवटच्या क्षणी, शूटआउट डोळ्यांसमोर ठेवूनच मैदानात आला आणि आपली पेनल्टी त्याने सत्कारणी लावली.

नव्वद मिनिटांत निकाल लागला नाही तर पुढे काय होते?

प्रत्येकी 15 मिनिटांची दोन सत्रे जादा खेळवली जातात. ही दोन्ही सत्रे पूर्ण होतात, म्हणजे एखाद्या संघाने मध्येच गोल केला म्हणून सामना तिथे थांबत नाही. त्यानंतरही बरोबरी राहिली तर पेनल्टी शूटआउट होते. प्रत्येक संघाला पाच संधी मिळतात, आणि तरीही कोंडी फुटली नाही तर एकेक संधी देत, कोणीतरी पुढे जाईपर्यंत ते चालू राहते. कोणत्या गोलपोस्टवर पेनल्टी मारायच्या आणि कोणी आधी मारायची हे नाणेफेकीने ठरते. जादा वेळ संपताना जे खेळाडू मैदानात असतात त्यांनाच पेनल्टी मारता येते. गोलरक्षकही त्यांत येतो. एखाद्या संघाचा खेळाडू लाल कार्डामुळे बाहेर गेला असेल, तर प्रतिस्पर्धी संघालाही आपला एक खेळाडू या यादीतून वगळावा लागतो.

शूटआउटमधील गोल सामन्याच्या गोलसंख्येत धरले जात नाहीत. त्यामुळे 2022 च्या अंतिम सामन्याची नोंद 3-3 अशीच होते आणि अर्जेंटिनाचा 4-2 हा विजय शूटआउटमधला म्हणून स्वतंत्रपणे दिला जातो.

आजवरच्या 21 अंतिम सामन्यांपैकी आठ सामने जादा वेळेत गेले : 1934, 1966, 1978, 1994, 2006, 2010, 2014 आणि 2022. त्यांपैकी 1994, 2006 आणि 2022 या तीन सामन्यांचा निकाल शूटआउटमध्ये लागला.

जगज्जेता पेनल्टीवर ठरवणे म्हणजे नशिबाचा खेळ नव्हे का?

हा आक्षेप सर्वाधिक वेळा घेतला जातो, आणि त्याला उत्तर देण्याआधी शूटआउट येण्यापूर्वी काय चालत असे हे पाहायला हवे. 1968 च्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातील उपांत्य सामना जादा वेळेनंतरही 0-0 असा राहिला आणि अंतिम फेरीत कोण जाणार हे नाणे उडवून ठरवण्यात आले. कौल इटलीच्या बाजूने लागला. मग अंतिम सामन्यात इटली आणि युगोस्लाव्हिया यांची 1-1 अशी बरोबरी झाली, तेव्हा तो सामना दोन दिवसांनी पुन्हा खेळवावा लागला आणि इटलीने तो 2-0 असा जिंकला. निव्वळ नशीब कशाला म्हणतात हे त्या नाण्याने दाखवून दिले होते. दोनच वर्षांनी, 1970 मध्ये, खेळाचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाने शूटआउटला मान्यता दिली.

सामना पुन्हा खेळवणे हा न्याय्य पर्याय आहे हे मान्य करायला हवे. परंतु महिनाभर खेळून थकलेले संघ, प्रेक्षकांची तिकिटे, प्रक्षेपण आणि प्रवास यांचा विचार करता आजच्या स्पर्धेत तो व्यवहारात उतरणे अवघड आहे. राहिला प्रश्न कौशल्याचा. अकरा मीटरवरून, समोर फक्त गोलरक्षक असताना, दोन तासांच्या खेळानंतर जड झालेल्या पायांनी चेंडू हव्या त्या कोपऱ्यात मारणे हे फुटबॉलचेच कौशल्य आहे आणि त्याचा सराव करता येतो. 1994 मध्ये पॅसाडिना येथे रॉबर्टो बॅजिओने मारलेला चेंडू गोलच्या वरून गेला आणि ब्राझील जिंकले, ही एकच आठवण लोकांच्या मनात राहिली आहे. त्याच शूटआउटमध्ये बॅजिओच्या आधी इटलीच्या फ्रँको बारेसीने चेंडू वरून घालवला होता आणि डॅनिएले मसारोची पेनल्टी ब्राझीलच्या तफारेलने अडवली होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. इटलीची हार तीन चुकलेल्या पेनल्टींची होती आणि तिचा सारा भार एकट्या बॅजिओवर टाकणे अन्यायाचे आहे.

शूटआउट क्रूर आहे, यात शंका नाही. पण क्रूर असणे वेगळे आणि यादृच्छिक असणे वेगळे.

‘गोल्डन गोल’चा नियम काय होता आणि तो का रद्द झाला?

जादा वेळेत पहिला गोल होताच सामना तिथेच संपवायचा, असा तो नियम होता. संघ धाडसाने आक्रमण करतील आणि शूटआउटची वेळ कमी येईल अशी त्यामागे अपेक्षा होती. घडले बरेचसे उलटे, कारण एक चूक म्हणजे स्पर्धेतून बाहेर, या धास्तीने संघ अधिकच सावधपणे खेळू लागले. 1996 आणि 2000 या दोन्ही युरोपियन अजिंक्यपद स्पर्धांचे अंतिम सामने याच नियमाने निकाली निघाले. पहिल्यात जर्मनीच्या ऑलिव्हर बियरहॉफने आणि दुसऱ्यात फ्रान्सच्या डेव्हिड ट्रेझेगेने निर्णायक गोल केला. पुरुषांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्याची वेळ कधी आली नाही, पण महिलांच्या 2003 च्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या निया क्युन्झरने हेडरवर केलेल्या गोलने स्वीडनविरुद्धचा सामना जागीच संपला. 2004 मध्ये हा नियम मागे घेण्यात आला. उत्तर द्यायला एक मिनिटही न मिळता जगज्जेतेपद हातचे जावे, हे खेळाच्या स्वभावाला धरून नव्हते.

1950 मध्ये अंतिम सामनाच झाला नव्हता, हे खरे आहे का?

खरे आहे. त्या वर्षी बाद फेरीऐवजी ब्राझील, उरुग्वे, स्वीडन आणि स्पेन या चार संघांची अंतिम साखळी खेळवली गेली आणि सर्वाधिक गुण मिळवणारा संघ विजेता ठरणार होता. 16 जुलै 1950 रोजी रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानावर ब्राझील आणि उरुग्वे समोरासमोर आले, तेव्हा ब्राझीलला बरोबरीही पुरेशी होती. दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच ब्राझीलने गोल केला. त्यानंतर स्कियाफिनोने उरुग्वेला बरोबरी साधून दिली आणि सामना संपायला साधारण अकरा मिनिटे उरली असताना उजव्या बगलेने आत शिरलेल्या गिज्जियाने, गोलरक्षक बार्बोसा पासच्या अपेक्षेने किंचित पुढे सरकला आहे हे हेरून, चेंडू त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून आत मारला. उरुग्वे 2-1 असे जिंकले. तिकीट काढून आलेल्या प्रेक्षकांचीच नोंद 1,73,850 इतकी आहे.

योगायोगाने साखळीतला शेवटचा सामनाच निर्णायक ठरल्यामुळे त्याला सर्रास अंतिम सामना म्हटले जाते. नोंदींच्या दृष्टीने तो अंतिम सामना नाही, आणि म्हणूनच 22 स्पर्धा झाल्या असल्या तरी अंतिम सामने 21 च धरले जातात.

1966 च्या अंतिम सामन्यातील इंग्लंडचा तिसरा गोल खरोखर झाला होता का?

वेम्बली मैदानावर निर्धारित वेळेत इंग्लंड आणि पश्चिम जर्मनी यांची 2-2 अशी बरोबरी होती. जादा वेळेत जेफ हर्स्टने मारलेला चेंडू क्रॉसबारच्या खालच्या बाजूवर आदळला, गोलरेषेजवळ टप्पा पडून बाहेर आला आणि जर्मन बचावपटूने तो डोक्याने दूर घालवला. स्विस पंच गॉटफ्रीड डीन्स्ट यांनी रेषेवरील सहायक पंच तोफिक बहरामोव्ह यांच्याकडे धाव घेतली आणि त्यांच्या सांगण्यावरून गोल दिला. संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेच्या पलीकडे गेला तरच गोल होतो, हा नियम आहे. उपलब्ध चित्रफितींत चेंडू तसा पूर्ण पलीकडे गेल्याचे दिसत नाही, त्यामुळे आजच्या कसोटीवर तो गोल टिकला नसता असे मानणेच सयुक्तिक ठरते. त्यात बहरामोव्ह यांना दोष देता येणार नाही. क्षणार्धात, दुरून आणि एकाच कोनातून पाहून त्यांना मत द्यावे लागले. हर्स्टने शेवटच्या मिनिटाला आणखी एक गोल करून सामना 4-2 असा संपवला, म्हणून केवळ त्या एका गोलवर निकाल लागला असेही म्हणता येत नाही. अर्थात, पिछाडी भरून काढण्यासाठी जर्मनीला बचाव मोकळा सोडावा लागला होता तो त्या तिसऱ्या गोलमुळेच.

गोलरेषा तंत्रज्ञान विश्वचषकात 2014 पासून वापरात आले. 2022 च्या अंतिम सामन्यात मेसीचा दुसरा गोल बचावपटूने आतून बाहेर मारला होता, तरी तो रेषेपलीकडे गेल्याचे तिथल्या तिथे स्पष्ट झाले.

व्हिडिओ पंचांच्या मदतीने अंतिम सामन्यात कधी मोठा निर्णय झाला आहे का?

2018 मध्ये मॉस्को येथे फ्रान्स आणि क्रोएशिया 1-1 असे बरोबरीत असताना, पेरिसिचच्या हाताला चेंडू लागल्याचे पंच नेस्टर पिटाना यांनी पडद्यावर पाहिले आणि फ्रान्सला पेनल्टी दिली. अंतिम सामन्यात या व्यवस्थेतून मिळालेली ती पहिली पेनल्टी होय. ग्रिझमनने तिच्यावर गोल केला आणि फ्रान्सने पुढे 4-2 असा विजय मिळवला. हात मुद्दाम लावला होता का, यावर मतभेद आजही आहेत. तंत्रज्ञान घडलेली गोष्ट दाखवते, तिचा अर्थ मात्र पंचालाच लावावा लागतो.

अंतिम सामन्याचे पंच कसे निवडले जातात?

फिफाची पंच समिती स्पर्धेतील कामगिरी पाहून नेमणूक करते. पंच दोन्ही अंतिम संघांच्या देशांपैकी नसावा, एवढी अट कटाक्षाने पाळली जाते, मात्र तो वेगळ्या खंडाचा असलाच पाहिजे असे नाही. 2010 मध्ये स्पेन आणि नेदरलँड्स हे दोन्ही युरोपीय संघ असताना इंग्लंडचे हॉवर्ड वेब पंच होते. त्या सामन्यात त्यांना 14 वेळा पिवळे कार्ड दाखवावे लागले. स्वतःचा देश अंतिम फेरीत पोहोचला की त्या देशाच्या पंचाची संधी आपोआप हुकते.

आधीच्या सामन्यांतील कार्डांमुळे खेळाडूला अंतिम सामन्याला मुकावे लागते का?

लाल कार्डामुळे मुकावे लागते. 1998 मध्ये फ्रान्सच्या लॉरें ब्लांच्या बाबतीत तेच झाले. बाद फेरीत पराग्वेविरुद्ध विश्वचषकाच्या इतिहासातील पहिला गोल्डन गोल करून त्याने संघाला तारले होते, पण उपांत्य सामन्यात लाल कार्ड मिळाल्यामुळे मायदेशातला अंतिम सामना त्याला बाहेरून पाहावा लागला.

पिवळ्या कार्डांचे आता तसे नाही. पूर्वी दोन पिवळ्या कार्डांमुळेही बंदी येत असे. 2002 च्या उपांत्य सामन्यात जर्मनीच्या मायकेल बालाकला पिवळे कार्ड मिळाले, त्यानंतर थोड्याच वेळात त्याच सामन्याचा विजयी गोल त्याने केला आणि अंतिम सामन्यात मात्र तो खेळू शकला नाही. 2010 पासून उपांत्यपूर्व फेरीनंतर आधीची पिवळी कार्डे पुसली जातात. ही सुधारणा फार आधी व्हायला हवी होती.

अंतिम सामन्यात गोल कमी होतात, हा समज खरा आहे का?

काळ पाहून उत्तर द्यावे लागते. 1930 ते 1986 या काळातील एकाही अंतिम सामन्यात तीनपेक्षा कमी गोल झाले नाहीत, आणि 1958 मध्ये ब्राझीलने स्वीडनला 5-2 असे हरवले तेव्हा तर सात झाले. त्यानंतर चित्र पालटले. 1990 ते 2014 या सात अंतिम सामन्यांत, शूटआउट वगळता, मिळून केवळ दहा गोल झाले. बचावाची शास्त्रशुद्ध आखणी, खेळाडूंची वाढलेली तंदुरुस्ती आणि हरण्याची भीती ही त्यामागची कारणे दिसतात. 1990 ची स्पर्धा एकंदरीतच इतकी बचावात्मक झाली की सहकाऱ्याने पायाने मागे दिलेला चेंडू गोलरक्षकाने हातात घेऊ नये, असा नियम 1992 मध्ये करण्यात आला. 2018 आणि 2022 या दोन्ही अंतिम सामन्यांत मात्र प्रत्येकी सहा गोल झाले.

पहिल्या गोलचे महत्त्वही असेच बदलले आहे. 1954 ते 1974 या सहा अंतिम सामन्यांपैकी पाचांत पहिला गोल करणारा संघ शेवटी हरला. 1974 मध्ये तर पश्चिम जर्मनीच्या एकाही खेळाडूचा चेंडूला स्पर्श होण्याआधी नेदरलँड्सला पेनल्टी मिळाली आणि नीस्केन्सने गोल केला, तरी सामना जर्मनीने 2-1 असा जिंकला. त्यानंतर पहिला गोल करूनही विजेतेपद गमावणारा संघ एकच, 2006 चा फ्रान्स.

2022 चा अंतिम सामना सर्वांत श्रेष्ठ का मानला जातो?

कारण एकाच संध्याकाळी तो तीनदा संपला असे वाटले आणि तीनदा नव्याने सुरू झाला. 18 डिसेंबर 2022 रोजी लुसैल येथे अर्जेंटिनाने मेसीची पेनल्टी आणि डि मारियाचा गोल यांच्या जोरावर मध्यंतरापर्यंत 2-0 अशी आघाडी घेतली होती. फ्रान्सच्या प्रशिक्षकांनी मध्यंतराचीही वाट न पाहता दोन खेळाडू बदलले. तरीही ऐंशीव्या मिनिटापर्यंत फ्रान्सचा सूर लागला नव्हता. मग किलियन एम्बापेने दीड-दोन मिनिटांच्या अंतराने दोन गोल केले. जादा वेळेत मेसीने पुन्हा आघाडी मिळवून दिली, तर 118 व्या मिनिटाला एम्बापेने पेनल्टीवर बरोबरी साधली. अंतिम सामन्यात हॅट्ट्रिक करणारा तो हर्स्टनंतरचा दुसराच पुरुष खेळाडू ठरला.

या सामन्याचा खरा निर्णायक क्षण माझ्या मते यांपैकी कोणताही गोल नसून त्यानंतरचा न झालेला गोल आहे. जादा वेळही संपून वरची काही मिनिटे चालू होती. मागून आलेला उंच चेंडू अर्जेंटिनाच्या बचावफळीच्या डोक्यावरून फ्रान्सच्या कोलो मुआनीसमोर पडला आणि त्याच्यापुढे गोलरक्षक एमिलियानो मार्टिनेझ याच्याशिवाय कोणीही उरले नाही. टप्पा घेऊन उसळलेला चेंडू त्याने जोरात मारला. मार्टिनेझ पुढे येऊन हातपाय शक्य तितके फाकवून उभा ठाकला होता आणि चेंडू त्याच्या डाव्या पायावर आदळून बाहेर गेला. तो पाय आणखी थोडा आत असता, तर शूटआउट झालेच नसते.

शूटआउटमध्ये मार्टिनेझने कोमानची पेनल्टी अडवली, चुआमेनीने चेंडू बाहेर मारला आणि मॉन्टिएलने विजयी गोल केला. चुआमेनीच्या आधी मार्टिनेझने चेंडू मुद्दाम दूर फेकून त्याला तो आणायला लावले होते. पेनल्टी मारणाऱ्याचे लक्ष गोलरक्षकाने गैरमार्गाने विचलित करू नये, ही बाब 2023 च्या नियमावलीत स्पष्ट शब्दांत घालण्यात आली. मार्टिनेझचे कौशल्य वादातीत आहे, तरीही ही दुरुस्ती योग्यच होती.

यजमान संघाला अंतिम सामन्यात फायदा होतो का?

होतो असे दिसते. उरुग्वे (1930), इटली (1934), इंग्लंड (1966), पश्चिम जर्मनी (1974), अर्जेंटिना (1978) आणि फ्रान्स (1998) यांनी मायदेशात अंतिम सामना जिंकला. यजमान असून अंतिम सामना हरलेला एकमेव संघ म्हणजे 1958 चा स्वीडन. 1950 चा ब्राझील यात धरायचा की नाही, हे वरच्या उत्तरावरून ज्याचे त्याने ठरवावे.

विजेत्यांना मूळ करंडक कायमचा मिळतो का?

मिळत नाही. 1974 पासून दिला जाणारा करंडक इटालियन शिल्पकार सिल्व्हिओ गाझानिगा यांनी घडवला असून तो 36.8 सेंटिमीटर उंच आणि 6.175 किलो वजनाचा आहे. मैदानावर कर्णधार उंचावतो तो हाच, पण नंतर तो फिफाकडे परत जातो आणि विजेत्या देशाला सोन्याचा मुलामा दिलेली प्रतिकृती मिळते. त्याआधीचा ज्यूल्स रिमे करंडक तिसऱ्या विजयानंतर 1970 मध्ये ब्राझीलला कायमचा देण्यात आला होता. 1983 मध्ये तो रिओ दि जानेरो येथून चोरीला गेला आणि पुन्हा सापडला नाही.

पदके फक्त मैदानात उतरलेल्या खेळाडूंना मिळतात का?

आता संघातील सर्वांना मिळतात. पूर्वी मात्र सामना संपताना मैदानात असलेल्या अकरा जणांनाच पदक दिले जाई. त्यामुळे इंग्लंडचा जिमी ग्रीव्ह्ज 1966 च्या स्पर्धेत खेळूनही पदकाविना राहिला. 2007 मध्ये फिफाने 1930 ते 1974 या काळातील विजेत्या संघांच्या उरलेल्या खेळाडूंनाही पदके देण्याचा निर्णय घेतला.

बक्षिसाची रक्कम किती असते?

2022 मध्ये विजेत्या देशाच्या संघटनेला 4.2 कोटी डॉलर आणि उपविजेत्याला 3 कोटी डॉलर मिळाले. खेळाडूंना त्यातला किती वाटा द्यायचा हे त्या त्या संघटनेच्या करारांवर अवलंबून असते.

महिलांच्या विश्वचषकातील कोणते अंतिम सामने आवर्जून पाहावेत?

तीन तरी पाहावेत. 1999 मध्ये पॅसाडिना येथे 90,185 प्रेक्षकांसमोर अमेरिका आणि चीन यांचा सामना 0-0 राहिला आणि ब्रँडी चास्टेनच्या पेनल्टीवर अमेरिका जिंकली. 2011 मध्ये जपानने दोनदा पिछाडी भरून काढत अमेरिकेला 2-2 असे रोखले आणि शूटआउटमध्ये हरवले. त्यातला जादा वेळेच्या शेवटी शेवटी होमारे सावाने कॉर्नरवर केलेला बरोबरीचा गोल पुन्हा पुन्हा पाहण्यासारखा आहे. 2015 मध्ये अमेरिकेच्या कार्ली लॉइडने जपानविरुद्ध पहिल्या सोळा मिनिटांतच हॅट्ट्रिक पूर्ण केली आणि त्यातला तिसरा गोल तिने थेट मध्यरेषेवरून केला.

अंतिम सामन्यापर्यंत पोहोचण्यासाठी किती सामने खेळावे लागतात?

32 संघांच्या स्पर्धेत अंतिम सामना हा प्रत्येक अंतिम संघाचा सातवा सामना असे. 2026 पासून संघांची संख्या 48 करण्यात आली आणि बाद फेरीत एक टप्पा वाढला, त्यामुळे तो आता आठवा सामना ठरतो. त्याआधीचे दोन-तीन सामने जादा वेळेत गेले असतील, तर त्या थकव्यासह संघाला अंतिम सामन्यात उतरावे लागते. 2018 मध्ये क्रोएशियाचे तसेच झाले होते. बाद फेरीतील त्यांचे तिन्ही सामने 120 मिनिटे चालले होते.